वर्गणी भरून वेडं व्हा

अख्खं कापड विकत आणायचं, त्याचे चार-पाच इंचांचे तुकडे करायचे, आणि मग तेच तुकडे एकमेकांना जोडून पुन्हा अख्खं कापड करायचं. क्विल्टिंग म्हणतात ते हेच. शहाण्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, मग कापलंच कशाला? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या लहानमोठ्या गावांत क्विल्टिंग गिल्ड, म्हणजे क्विल्ट शिवणाऱ्यांची मंडळं, असतात आणि तिथे महिन्यातून एकदा जमणाऱ्या बायका या प्रश्नाचं उत्तर देण्याच्या भानगडीत पडत नाहीत. त्या कापत राहतात आणि जोडत राहतात. मी अशाच एका मंडळाची सभासद आहे. इकडे मुलांकडे राहायला आलेल्या, नोकरीतून मोकळ्या झालेल्या, नाहीतर मुलं शिकायला बाहेर गेल्यावर घरात एकट्या पडलेल्या मराठी बायका मला विचारतात, त्या मंडळात जाण्यात काही अर्थ आहे का? हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि तो वेडेपणाच्या बाजूने आहे.

पैशांपासून सुरुवात करू, कारण शहाणा माणूसही तिथूनच करतो. वर्षाची वर्गणी साधारण तीस-चाळीस डॉलर, म्हणजे फार नाही. खरा खर्च त्यानंतरचा. दोघांच्या पलंगाला पुरेल अशी नव्वद इंच रुंद आणि शंभर इंच लांब क्विल्ट घ्या. वरच्या बाजूला आठ वार कापड, पाठीला आठ वार, कडेच्या पट्टीला आणखी पाऊण वार. क्विल्टच्या दुकानातलं चांगलं सुती कापड बारा-तेरा डॉलर वार पडतं, तेव्हा कापडालाच दोनशेच्या वर गेले. मधल्या कापसाच्या थराला चाळीस. तिन्ही थर एकत्र शिवायला लाँगआर्म नावाचं मोठं मशीन लागतं. ज्यांच्याकडे ते असतं त्या चौरस इंचाला दोन सेंट तरी घेतात, म्हणजे नऊ हजार चौरस इंचांचे एकशे ऐंशी झाले. सव्वाचारशे डॉलर आणि कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी घालून जी वस्तू होते, तिच्याएवढी रजई मोठ्या दुकानात साठ-सत्तर डॉलरला मिळते.

हा हिशेब बरोबर आहे आणि मी त्यात काही सूट मागत नाही. मंडळातल्या प्रत्येकीने तो कधी ना कधी केलेला असतो, आणि केल्यावर ती दुकानात जाऊन आणखी कापड घेऊन आलेली असते. घरोघरी कपाटं भरलेली असतात. त्यांत फॅट क्वार्टरच्या घड्या रंगवार लावलेल्या असतात: वारभर कापडाचा चौथा हिस्सा, पण लांब पट्टी न काढता अठरा इंच बाय बावीस इंच असा ऐसपैस कापलेला. कशासाठी घेतला ते ठाऊक नसतं. निळ्यातला तो एक निळा पुन्हा मिळणार नाही, एवढंच ठाऊक असतं. मला हा तोटा मनापासून आवडतो. आयुष्यभर ज्या ज्या कामात आपण असतो तिथे आपल्या तासाचा दर कोणीतरी ठरवलेला असतो. इथे तो ठरवता येत नाही, कारण कुठलाही दर लावला तरी उत्तर हास्यास्पद येतं. दर लावता येत नाही असं काम हातात असणं ही चैन आहे, आणि ती एकदा अनुभवावी.

वेडेपणाचं पुढचं लक्षण म्हणजे पाव इंच. क्विल्टची प्रत्येक शिवण कडेपासून पाव इंचावर घालायची असते. पाच इंचांचा चौकोन दोन्हीकडून शिवला की साडेचार इंचांचा उरतो, आणि सगळं गणित त्यावर उभं असतं. सुई इंचाच्या सोळाव्या भागाने आत सरकली तर डोळ्याला कळतही नाही. पण एका शिवणीत दोन कापडं असतात, म्हणून चूक दुप्पट होते, इंचाचा आठवा भाग. एका ओळीत अशा सोळा शिवणी असल्या की ती ओळ शेजारच्या ओळीपेक्षा दोन इंचांनी आखूड निघते. मग रात्री अकरा वाजता दिव्याखाली बसून उसवायचं. शहाणा माणूस म्हणेल, दोन इंचांनी काय बिघडतं, पांघरूण आहे, अंगावरच घ्यायचं आहे. तो खरं बोलतो. थंडी दोन इंचांनी वाढत नाही. तरी उसवायचं, कारण जिथे चार चौकोनांचे कोपरे एका बिंदूवर यायला हवेत तिथे ते आलेले नाहीत, आणि ते आता आपल्याला दिसलं आहे.

कोपरे जुळवण्याची युक्ती साधी आहे. शिवणी इस्त्रीने एका बाजूला पाडतात, वरच्या ओळीतल्या डावीकडे, खालच्या ओळीतल्या उजवीकडे. दोन ओळी समोरासमोर धरल्या की उलटसुलट पडलेल्या शिवणी एकमेकींना अडून बसतात आणि हलत नाहीत. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, व्हिडिओतही आहे. पण बोटांना ते तेव्हाच उमगतं जेव्हा शेजारी बसलेली, साठ वर्षं शिवण केलेली बाई तुमची दोन कापडं स्वतःच्या हातात घेते, अंगठ्याने सरकवते, तुमचं बोट तिथे टेकवते आणि म्हणते, आता बसली बघ. हाताने शिवणाऱ्यांचं तर सगळंच बोटांत असतं. आखूड सुई, मधल्या बोटात अंगुस्तान, वर दिसणारे टाके इंचाला दहा-बारा. खालच्या हाताचं बोट कापडाच्या पाठीशी सुईच्या टोकाची वाट बघत असतं, आणि टोक लागलं न लागलं तोच सुईला वर लोटतं. हे शिकवायला शब्द अपुरे पडतात. मंडळात जायचं पहिलं कारण मी हे सांगते.

सभा बहुधा चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, वाचनालयात किंवा ज्येष्ठांच्या केंद्रात असते. खजिनदार हिशेब वाचते, वाहनतळावर चर्चा होते, पाहुणी वक्त्री आपल्या क्विल्टांच्या पेट्या घेऊन आलेली असते. मग येतो दाखवण्याचा कार्यक्रम. प्रत्येक जणी आपण केलेलं घेऊन पुढे जाते, दोघी जणी ते दोन टोकांना धरून उंच करतात, आणि हॉल टाळ्या वाजवतो. राष्ट्रीय प्रदर्शनात बक्षीस मिळवलेल्या क्विल्टला वाजवतो, आणि कोणीतरी पहिल्यांदाच शिवलेल्या, गरम भांडं धरायच्या वाकड्या चौकोनालाही तितक्याच जोरात वाजवतो. बाहेरच्याला वाटेल यांना बऱ्यावाईटाची पारख नाही. पारख आहे. टाळ्या थांबल्याबरोबर मागणी येते, पाठ दाखव. पाठीला दोऱ्याच्या गाठी, ताण आणि घाई सगळं दिसतं. ते बघूनही टाळ्या पुन्हा वाजतात, आणि नंतर चहाच्या टेबलापाशी कोणीतरी हळूच सांगतं की मशीनचा खालचा ताण जरा सैल कर. कौतुक सर्वांसमोर आणि दुरुस्ती एकांतात, ही रीत मी दुसऱ्या कुठल्या संस्थेत इतकी पाळलेली पाहिली नाही.

जानेवारीत बऱ्याच मंडळांत आणखी एक खेळ होतो. प्रत्येकीने आपल्या अपुऱ्या कामांची यादी करायची, त्यांना आकडे द्यायचे, आणि दर महिन्याला जो आकडा निघेल ते काम पुरं करायचं. बारा आकडे कमी पडतात अशाच जास्त.

आता आपल्या गोधडीबद्दल, कारण मराठी वाचकाच्या मनात ती केव्हाच येऊन बसली असेल. गोधडीत वेडेपणा कमी होता. सातारा-कोल्हापूरकडची वाकळ असो की इतर ठिकाणची गोधडी, विरलेली लुगडी आणि धोतरं वाया जाऊ नयेत म्हणून ती जन्माला आली. सुगी संपली, उन्हाळा आला की अंगणात लुगडं अंथरायचं, त्यावर जुन्याचे थर, वरून पुन्हा लुगडं, आणि कडेकडेने धावदोरा घालत आत यायचं. शेजारणी येऊन दोन-दोन ओळी घालून जात. वर्गणी नव्हती, सभासद नव्हते, खजिनदार नव्हती. इथे आम्ही नवंकोरं कापड चिरतो आणि मग एकत्र बसायला पैसे भरतो. फरक मान्य केला पाहिजे.

पण आजीच्या गोधडीचा कोपरा नीट बघा. तिथे त्रिकोणी ठिगळांचं नक्षीकाम असतं, लाल-पिवळ्याची एक पट्टी मुद्दाम मध्ये आणलेली असते. ऊब येण्यासाठी त्याची गरज नव्हती. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीत सिद्दी लोक राहतात. त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यात आणले गेले आणि तिथून निसटून घाट चढले. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. कडेपासून सुरुवात करून तुकड्यावर तुकडा ठेवत, टाका न तोडता मध्यापर्यंत पोचतात. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुलं बसवतात. फुलांशिवायची कवंदी त्या उघडी मानतात. रोजच्या अन्नाची भ्रांत असलेल्या घरातही ती चार फुलं शिवली जातात. शहाणपणाने गोधडी होते हे खरं, पण गोधडी जपून ठेवावीशी वाटते ती त्या चार फुलांमुळे. क्विल्टमध्ये फुलंच फुलं असतात, एवढाच तिचा अपराध.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात बचत गटांत बसून विकण्यासाठी गोधड्या शिवणाऱ्या बायकांना हा लेख लागू नाही. त्यांच्या टाक्याला पुरता मोबदला मिळालाच पाहिजे. तोट्याची स्तुती करण्याचा हक्क ज्याचं पोट भरलेलं आहे त्यालाच असतो. जॉर्जियातल्या हॅरिएट पॉवर्सची हकिकत हेच सांगते. 1837 मध्ये गुलामीत जन्मलेल्या या बाईने बायबलमधल्या कथा कापडाच्या आकृत्या कापून एका क्विल्टवर शिवल्या. 1886 साली अथेन्स गावच्या कापूस मेळ्यात ती मांडली होती. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिक्षिकेला ती विकत हवी होती, पण पॉवर्सने नकार दिला. काही वर्षांनी दिवस वाईट आले, तेव्हा तिने दहा डॉलर मागितले आणि पाच मिळाले. क्विल्ट देताना तिने एकेका चित्राचा अर्थ समजावून सांगितला, आणि नंतर ती बघायला पुन्हा पुन्हा त्या बाईकडे जात राहिली. आज ती क्विल्ट वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. पाच डॉलरचा तो व्यवहार शहाणपणाच्या दोन्ही कसोट्यांना उतरतो: विकणारीला गरज होती आणि घेणारीला स्वस्त पडलं. मला मात्र त्यातली आधी नकार देणारी हॅरिएट महत्त्वाची वाटते.

अलाबामातली गोष्टही अशीच. विल्कॉक्स परगण्यात नदीच्या वळणात गीज बेंड नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. मतदार म्हणून नाव नोंदवायचा प्रयत्न केला म्हणून लोकांची कामं गेली, घरं गेली, पलीकडे जाणारी फेरीबोट 1962 मध्ये बंद झाली ती 2006 पर्यंत सुरू झाली नाही. त्या भागातल्या बायकांनी 1966 साली फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. पुढे सीअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. कंपनीला प्रत्येक अभ्रा दुसऱ्यासारखा हवा होता, आणि ते वाजवीच होतं. त्यातून उरलेल्या कॉर्डरॉयच्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या आणि आपल्या मनाने, वाकड्या पट्ट्यांनी, कोणालाही नको असलेल्या रंगांत स्वतःच्या घरच्या क्विल्ट शिवल्या. 2002 मध्ये गीज बेंडच्या क्विल्ट ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या. 2006 साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. भिंतीवर गेलं ते घरासाठी शिवलेलं, ज्याला कोणी गिऱ्हाईक नव्हतं ते काम.

गिल्डचा सगळ्यात मोठा वेडेपणा अजून सांगायचा आहे. महिनोन्‌महिने खपून केलेली वस्तू सभासद अनोळखी माणसाला देऊन टाकतात. दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या कक्षाला, मारहाणीतून सुटून निवाऱ्यात आलेल्या बायकांना, दुसऱ्यांच्या घरात वाढणाऱ्या मुलांना. क्विल्ट्स ऑफ व्हॅलर ही 2003 पासूनची चळवळ फक्त सैनिकांसाठी शिवते. घेणाऱ्याचं नाव बहुतेकदा कळत नाही, आभाराचं पत्र बहुधा येत नाही, आणि वस्तू धुण्यात विरून गेली की संपते. तरी कोपरे जुळवायलाच हवेत, तिथे दोन इंचांची माफी नाही. निवाऱ्यात पळून आलेल्या मुलाला बिघडलेली क्विल्ट चालेल, असं आमच्या मंडळात कोणी म्हणालं तर बाकीच्या ऐकून घेणार नाहीत. मला या गोष्टीचा अभिमान आहे.

1987 च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या हिरवळीवर एड्सने गेलेल्यांच्या नावांची क्विल्ट पहिल्यांदा अंथरली गेली. तिचे 1,920 तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. ज्यांनी तुकडे शिवले त्यांतल्या कित्येकांनी त्याआधी हातात सुई धरली नव्हती. आज त्या क्विल्टचे सुमारे 50,000 तुकडे आहेत आणि वजन 54 टन. कोणाच्याही अंगावर कधी घातली जाणार नाही अशी ती क्विल्ट आहे, आणि सरकार गप्प होतं तेव्हा मेलेल्यांची नावं राजधानीत वाचून दाखवली गेली ती तिच्यामुळे.

मंडळातली एखादी सभासद जाते तेव्हा तिच्या घरचे लोक गोंधळून कपाटांपुढे उभे असतात. इतकं कापड, इतके अर्धवट चौकोन, टाचण्या लावून ठेवलेल्या ओळी. मंडळाच्या दोघी-तिघी जातात, कापड वेगळं काढतात, विकून आलेले पैसे घरच्यांनी सांगितलेल्या कामाला देतात, आणि अर्धवट क्विल्ट घरी आणून पुऱ्या करतात. कुठे तिचा टाका संपला आणि कुठे दुसरीचा सुरू झाला ते ओळखू येतं, आणि ते लपवायचा प्रयत्न कोणी करत नाही. मग ती क्विल्ट तिच्या नातीकडे जाते. साठ डॉलरच्या रजईला ही सोय नाही.

उणिवा आहेतच. अनेक मंडळांत पांढऱ्या केसांच्याच बायका दिसतात. पदं घ्यायला कोणी पुढे येत नाही, जुन्या मैत्रिणींची टेबलं ठरलेली असतात, आणि नवीन बाई गप्प बसून राहिली तर पहिल्या दिवशी तशीच घरी जाऊ शकते. तुमच्या गावातल्या मंडळात फुलापानांची जुनी नक्षीच चालत असेल आणि तुम्हाला मोकळ्या जागा, ठळक रंग, आडवेतिडवे आकार आवडत असतील तर 2009 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या मॉडर्न क्विल्ट गिल्डची शाखा जवळ आहे का बघा. पण आधी गावातल्या म्हाताऱ्यांकडेच जा असं माझं मत आहे. त्यांची बोटं आणखी किती दिवस शिकवायला असतील ते सांगता येत नाही.

तेव्हा जवळच्या कापडाच्या दुकानात विचारा, सभेचा वार त्यांना ठाऊक असतो. एक-दोनदा पाहुणी म्हणून बहुतेक ठिकाणी बसू देतात. मोठ्या सभेत ओळख होत नाही म्हणून घरोघरी जमणाऱ्या सहा-आठ जणींच्या एखाद्या लहान गटात नाव द्या, आणि चहाचे कप मांडायचं का होईना, एक काम अंगावर घ्या. इंग्रजी बोलायला संकोच वाटत असेल तरी जा, सुईला व्याकरण लागत नाही. घरात आजीची गोधडी असेल तर पहिल्याच सभेला ती बरोबर न्या आणि दाखवायच्या वेळी पुढे व्हा. त्या तिची पाठ बघायला मागतील, तेव्हा लाजू नका, दाखवा. आणि वर्गणी भरून टाका.